रोजचे फोटो, नोंदीसारखे: प्रवास, आसपासचे जीव आणि आपली गल्ली

३० मे १८६८. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोवेल इथल्या दफनभूमीत, यादवी युद्धातल्या मृतांच्या स्मृतिदिनी एक फोटो काढला गेला. तो काही झाडांसाठी काढलेला नव्हता. झाडं आपसूक आली. पुढे हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती तो लागला तेव्हा मात्र त्यांची नजर झाडांवरच खिळली. मे महिना संपत आला तरी फांद्यांवर पानं नव्हती. त्याच जागेचा, त्याच तारखेचा २००५ सालचा फोटो शेजारी ठेवला तर झाडं पानांनी गच्च भरलेली. दोन फोटोंवरून कोणी हवामानाचा निष्कर्ष काढत नाही, त्यांनीही काढला नाही. असे बरेच फोटो आणि वनस्पतींचे वाळवून जपलेले नमुने एकत्र पाहून ते काम झालं. पण हा फोटो त्या कामात बसू शकला, तो कधीचा आणि कुठला हे ठाऊक होतं म्हणून.

आपण रोज काढतो त्या फोटोंकडे मी याच नजरेनं बघतो. प्रवासातली खिडकी, कुंपणावरचा पक्षी, गल्लीतलं बंद पडलेलं दुकान. फोटो देखणा आला तर उत्तमच. पण त्यात काय आहे हे नीट दिसायला हवं आणि तो कुठला, कधीचा हे पुढेही कळायला हवं. एवढं जमलं की साधा फोटोही वर्षं गेली तशी वजनदार होत जातो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. जिथे लागतो तिथे तसं स्पष्ट सांगेन.

घराबाहेर पडण्याआधी

सगळ्यात आधी लेन्स पुसा. हसू नका. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांच्या तेलाचा पातळ थर कायम असतो, त्यामुळे उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोवर पांढुरकी झाक येते आणि रात्रीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. मऊ सुती कापड आणि तोंडाची वाफ पुरते.

मग सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी करा. फ्लॅश कायमचा बंद. पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेषा चालू, म्हणजे क्षितिज तिरकं येणार नाही. आणि कॅमेऱ्यासाठी लोकेशन चालू. लोकेशन कुठे काढून टाकायचं ते पुढे येईलच, पण मूळ फोटोत ते असू द्या. पाच वर्षांनी 'हे कुठलं वळण?' असा प्रश्न पडतो तेव्हा तीच एक ओळ कामाला येते.

वेगळा कॅमेरा वापरत असाल तर त्याचं घड्याळ तपासा. फोन नव्या देशातली वेळ आपोआप घेतो, बरेच कॅमेरे घेत नाहीत. सोपी युक्ती अशी, की प्रवासाच्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्यानं फोनवरच्या घड्याळाचाच एक फोटो काढून ठेवायचा. नंतर दोन वेळांमधला फरक त्यावरून कळतो आणि सगळे फोटो एकदम दुरुस्त करता येतात.

कॅमेरा झटकन उघडण्याचा आपल्या फोनमधला मार्ग हाताला सवयीचा करून घ्या. बऱ्याच फोनमध्ये बाजूचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो आणि आवाजाचं बटण दाबलं की फोटो निघतो. न बघता हे जमायला हवं. खार तुमच्यासाठी थांबत नाही.

झूमबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. फोनला जितक्या लेन्स असतात तितकेच त्याचे खरे टप्पे. मधले आणि त्यापलीकडचे आकडे बहुतेक वेळा चित्र कापून मोठं करूनच मिळतात. म्हणून आपल्या फोनचे खरे टप्पे कोणते ते पाहून ठेवा आणि शक्यतो तेच वापरा.

थांबलेलं आणि हलणारं

१८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई दागेरनं पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वाहता होता, पण फोटोत तो ओस दिसतो. पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत आणि तेवढ्या वेळात घोडागाड्या, माणसं सगळे निघून गेले. उरला तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला माणूस. छायाचित्रात आलेली आपल्याला माहीत असलेली सगळ्यात जुनी माणसं म्हणजे तो आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला.

तुमच्या फोनमध्येही हेच घडतं, फक्त मिनिटांऐवजी सेकंदाच्या तुकड्यांत. प्रकाश आत घेण्याच्या या वेळेलाच शटरचा वेग म्हणतात. उभ्या माणसासाठी सेकंदाचा १/१२५ भाग पुरतो. चालणाऱ्यासाठी १/२५० धरा. पळणारं मूल किंवा सायकल असेल तर १/५००. उडत्या पक्ष्यासाठी किमान १/१०००, लहान चपळ पक्षी असेल तर १/२००० लागतो. कॅमेऱ्यात हे आकडे थेट लावता येतात. फोनच्या साध्या मोडमध्ये फोन स्वतःच ठरवतो आणि त्याच्याकडून वेगवान शटर मिळवायचा एकच भरवशाचा उपाय आहे, तो म्हणजे उजेड. संध्याकाळी धावणारं कुत्रं पुसट येतं ते यामुळेच. नाइट मोड तर अनेक चित्रं एकावर एक रचून काम करतो. इमारतीसाठी तो उत्तम, हलत्या जिवासाठी निरुपयोगी.

दिव्याखाली काढलेल्या फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर फोन बिघडलेला नसतो. काही एलईडी आणि ट्यूबलाइट विजेच्या प्रवाहाबरोबर लुकलुकत असतात. शटर हातानं लावता येत असेल तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे ते १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०. पट्टे बहुतेक जातात.

उजेडाच्या मोजमापातही एक खोच आहे. कॅमेऱ्याला समोरचं दृश्य सरासरी राखाडी असावं असं वाटतं. फ्रेमभर कावळा घेतला की कॅमेरा त्याला काळ्याचा करडा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढा. तोच कावळा उजळ आभाळासमोर बसला असेल तर उलटं होतं, पक्षी नुसती काळी आकृती होतो. तेव्हा एक्स्पोजर वर न्या. गर्द झाडीसमोर पांढरा पक्षी असेल तर खाली आणा, नाहीतर पिसांचा तपशील जळून नुसता पांढरा डाग उरतो. फोनवर यासाठी पडद्यावर जिथे हवं तिथे बोट टेकवा, फोकस पक्का करायचा तर दाबून धरा, मग बोट वर-खाली सरकवा. ही एक हालचाल हाताला बसली की निम्मे फोटो सुधारतात.

गल्लीपासून सुरुवात

बहुतेक जण उलट करतात. प्रवासाला निघाले की कॅमेरा काढतात आणि घराजवळ आले की ठेवून देतात. माझ्या मते सराव गल्लीतच करावा. तिथे परत परत जाता येतं, उजेड कुठून येतो हे माहीत असतं आणि आजचा फोटो फसला तर उद्या तीच जागा तिथेच असते.

एक छोटा टापू निवडा, पायी अर्ध्या तासात फिरून होईल एवढा. त्यात एक ठरावीक जागा पक्की करा आणि महिन्यातून एकदा तिथूनच, तीच लेन्स वापरून फोटो घ्या. 'साधारण तिथूनच' चालत नाही. पायाखालची जागा नेमकी सापडण्यासाठी दृश्यातल्या दोन वस्तूंची जुळणी बघायची. उदाहरणार्थ, जवळच्या खांबाची डावी कड मागच्या इमारतीच्या खिडकीच्या कोपऱ्याला नेमकी टेकलेली दिसते का? तुम्ही पाऊलभर सरकलात तर जुळणी मोडते. अशा दोन जोड्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, टिपून ठेवल्या की पुढच्या वेळी जागा अचूक मिळते. आधीचा फोटो फोनवर उघडून समोरच्या दृश्याशी ताडून बघा आणि मगच बटण दाबा. वर्षभरानंतर ही मालिका एका दमात पाहिली, की झाडाची सावली, भिंतीचा रंग, नवं कुंपण, गायब झालेला बाक असं काय काय बदललं ते डोळ्यांत भरतं.

बाकी काय काढावं? जे जाणार आहे ते. हातानं रंगवलेल्या पाट्या, जुनी दारं, टपालपेट्या, कोपऱ्यावरचं दुरुस्तीचं दुकान, पाडण्याआधीची इमारत. यूजीन आत्जे या फ्रेंच छायाचित्रकारानं १९व्या शतकाच्या अखेरीपासून १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत जुनं पॅरिस असंच टिपलं. गल्लीबोळ, दुकानांच्या दर्शनी खिडक्या, जिने, फेरीवाले. तो स्वतःला कलाकार म्हणवत नसे. चित्रकारांना आणि संग्रहालयांना लागणारे दस्तऐवज तो विकत असे. प्रत्येक निगेटिव्हला क्रमांक आणि छापलेल्या फोटोवर जागेचं नाव. त्याची चित्रं आज कलादालनांत टांगलेली असतात ती वेगळी गोष्ट, पण त्याच्या क्रमांक घालण्याच्या शिस्तीचा मला जास्त हेवा वाटतो.

एखादी जागा टिपताना तीन अंतरांवरून फोटो घ्या. लांबून घेतलेल्या फोटोत ती जागा कुठे आहे ते कळतं, मधल्या अंतरावरून तिथे काय चाललंय ते, आणि जवळून हात, अवजार, कुलूप, पायरीची झीज. नवशिक्यांकडे मधल्या अंतराचेच फोटो ढीगभर असतात. लांबचे आणि जवळचे राहून जातात.

माणसांचे फोटो घेताना आधी पार्श्वभूमी ठरवा आणि मग थांबा. चांगला उजेड पडलेली भिंत किंवा दार निवडलं, शांत उभे राहिलात, की थोड्या वेळात लोक तुम्हाला विसरतात आणि फ्रेममध्ये स्वतःहून येतात. मागे लागून फोटो काढण्यापेक्षा हे सभ्यही आहे आणि फोटोही बरे येतात.

परवानगीचा मुद्दा टाळता येत नाही. सार्वजनिक जागी फोटो काढण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. परक्या ठिकाणी गेल्यावर ते आधी पाहून घ्या. कायद्याच्या पलीकडे माझा नियम असा, की चेहरा ओळखू येईल इतका जवळचा फोटो असेल तर विचारायचं. शब्दांनी नाही जमलं तर कॅमेरा किंचित उचलून, मान हलवून. नकार आला की कॅमेरा खाली, चेहऱ्यावर नाराजी न दाखवता. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय नाही. आजारी, रडणारी, झोपलेली, अपघातात सापडलेली माणसं सोडून द्या. होकार देणाऱ्याला फोटो दाखवा आणि पाठवतो म्हणालात तर खरंच पाठवा. गल्लीत तुमची पत यावरच ठरते.

शेजारचे जीव

प्राण्यापक्ष्यांचे फोटो म्हटलं की लोकांना अभयारण्य आठवतं. घराच्या शंभर पावलांत काय काय आहे ते मात्र त्यांनी मोजलेलं नसतं. चिमण्या, कबुतरं, कावळे, खारी, मुंग्या, कोळी, फुलपाखरं, डबक्यावरचे चतुर. हे जीव माणसाला सरावलेले असतात, त्यामुळे शिकायला यांच्याइतके सोयीचे कोणी नाहीत.

पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढूच नका. बसा आणि बघा. प्रत्येक जिवाचा दिनक्रम असतो. पक्षी ठरावीक तारेवर बसतो, ठरावीक वाटेनं पाण्यावर येतो. अनेक जातींचे चतुर उडून परत त्याच काडीच्या टोकावर येऊन बसतात. हे एकदा लक्षात आलं की त्यांच्यामागे धावायची गरज संपते. काडीवर फोकस लावून ठेवायचा आणि चतुर यायची वाट बघायची.

नजरेचा सराव करायला कबुतर फार छान. चालताना ते मान पुढे-मागे झटकतं असं वाटतं, पण नीट बघा. डोकं पुढे झेपावतं आणि मग क्षणभर हवेत जागच्या जागी थांबतं. तेवढ्यात खालचं शरीर पुढे येऊन त्याला गाठतं. डोकं स्थिर असतं तेव्हा त्याला भोवतालचं नीट दिसतं. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कबुतरांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं होतं. पाय चालत होते, पण आसपासचं दृश्य सरकत नव्हतं, आणि त्यांचं डोकं हलवणंच थांबलं. फोटोसाठी याचा उपयोग असा, की बर्स्टमध्ये सलग फोटो घेतले तर डोकं थांबलेल्या क्षणांतले काही हमखास मिळतात. त्यांत डोळा लख्ख येतो आणि पाय किंचित पुसट. चाल दिसते ती त्या पुसटपणामुळेच.

वारा कुठून येतो ते पाहा. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उड्डाण घेतात आणि तसेच उतरतात. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा निवडली तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून येतील आणि त्यांच्या अंगावर समोरून उजेड असेल. साध्या कॅमेऱ्यानंही अशा जागी बरे फोटो मिळतात. वारा उलटा असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील. उडत्या पक्ष्यांसाठी मात्र फोन तोकडाच पडतो. तिथे लांब पल्ल्याची लेन्स लागतेच, निदान ३०० मिमीच्या आसपासची. नसेल तर बसलेले पक्षी, कीटक आणि पक्ष्याभोवतालची जागा यांवर भर द्या. मोठ्या दृश्यात छोटासा पक्षी, हाही चांगला फोटो असतो. तो कुठे राहतो ते त्यातून कळतं.

कॅमेरा जिवाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. चिमणीसाठी जमिनीवर बसा, मुंगीसाठी आडवे व्हा. खाली गेल्यानं मागची जमीन फ्रेममधून जाते आणि तिच्या जागी लांबची धूसर पार्श्वभूमी येते. फोकस डोळ्यावर. पंख पुसट चालतात, डोळा पुसट असेल तर फोटो हातचा गेला.

जवळ जाताना सरळ रेषेत चालू नका, शिकारी तसे येतात. तिरकं, थांबत थांबत, मध्येच दुसरीकडे बघत जा. पक्षी खाणं थांबवून मान उंच करतो, तुमच्याकडे एकटक बघतो, अंग चोरतो किंवा धोक्याचा आवाज काढतो तेव्हा तुम्ही जरुरीपेक्षा जवळ आलेले असता. तिथेच थांबा. तो पुन्हा टिपायला लागला तर ठीक, नाही लागला तर दोन पावलं मागे. गाडीत असाल तर खाली उतरू नका. बऱ्याच पक्ष्यांना गाडीची भीती वाटत नाही, माणसाच्या उभ्या आकृतीची वाटते. इंजिन बंद करा, काच खाली करून तिच्यावर गुंडाळलेलं कापड ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा.

कीटकांसाठी पहाट. रात्रीच्या गारव्यानं त्यांचं अंग थंड असतं आणि ऊन लागेपर्यंत ते फारसे हलत नाहीत. दुपारी हाताला न लागणारं फुलपाखरू सकाळी लवकर पानावर निमूट बसलेलं असतं. कोळ्याचं जाळंही तेव्हाच दिसतं, दवाचे थेंब आणि मागून किंवा बाजूनं येणारा तिरपा उजेड असेल तेव्हा. जाळ्यामागे गडद सावली येईल असं उभं राहा. एवढं केलं की साध्या फोननंही एकेक धागा मोजता येतो.

ओळख पटवायची असेल तर आधी पुराव्याचे फोटो घ्या, सुंदर फोटो नंतर. पक्ष्याची बाजू, पाठ, पोट, चोच. फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू, कारण वरची आणि खालची नक्षी कित्येकदा पूर्ण वेगळी असते. अळंबीचा खालचा भाग. झाडाचं पान, खोड, फूल आणि संपूर्ण झाडही. पायाचा ठसा असेल तर शेजारी पेन किंवा नाणं ठेवून वरून सरळ काढा. उजेड तिरपा असेल तर ठसा उठून दिसतो. हे फोटो दिसायला रुक्ष असतात, पण जाणकार माणूस आधी तेच मागतो.

आता काय करायचं नाही ते. घरट्याजवळ जायचं नाही, आणि फोटोसाठी पानं-फांद्या बाजूला सारणं तर मुळीच नाही. त्या पानांमुळेच पिल्लांना सावली असते आणि शिकाऱ्यांपासून आडोसा. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत परका घुसला असं समजून तो दाणापाणी, पिल्लं सोडून येतो. निशाचरांवर फ्लॅश नको. किडे हलू नयेत म्हणून त्यांना फ्रिजमध्ये ठेवणारे महाभाग असतात. त्यांचे फोटो कितीही रेखीव असोत, माझ्या लेखी त्यांची किंमत शून्य.

मिळालेले फोटो आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड अशा, जीवांच्या नोंदी गोळा करणाऱ्या इंटरनेटवरच्या मंचांवर देता येतात. ईबर्ड २००२ मध्ये सुरू झालं, त्यामागे कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आहे. आयनॅचरलिस्टची सुरुवात २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. तिथे नोंदीला तारीख, जागा आणि फोटो किंवा आवाज असावा लागतो, जीव पाळीव नसावा लागतो, आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत झालं की ती नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते. ०.२ अंशांच्या चौकोनात, म्हणजे विषुववृत्तापाशी सुमारे २२ किलोमीटर रुंद पट्ट्यात, ती कुठेतरी आहे एवढंच इतरांना दिसतं. चोरटे शिकारीही फोटो बघतात. समाजमाध्यमांवर टाकताना हे काम तुम्हालाच करायचंय. दुर्मीळ जीव, घरटं किंवा बीळ असेल तर जागेचं नाव लिहू नका आणि फोटोतलं लोकेशन काढून टाका.

प्रवासात

गल्लीत हात बसला असेल तर प्रवासात नवीन फारसं शिकायचं नसतं. फक्त वेळ कमी असतो आणि काच मध्ये येते.

काच असेल तर लेन्स तिला जवळजवळ टेकवा आणि भोवती हाताचा किंवा काळ्या कापडाचा आडोसा करा, आतले दिवे उमटत नाहीत. पण धावत्या गाडीत फोन काचेला घट्ट दाबू नका, थरथर थेट फोटोत उतरते. जवळच्या वस्तू पुसटच येणार, म्हणून नजर लांब ठेवा. डोंगर, नदीचं वळण, दूरची वस्ती. विमानात पंखाच्या पुढची आणि उन्हाच्या विरुद्ध बाजूची खिडकी बरी. पंखामागून काढलं तर इंजिनच्या गरम हवेनं दृश्य थरथरतं. कॅमेऱ्यावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, असेल तर काढून ठेवा, विमानाच्या प्लास्टिकच्या खिडकीतून त्यानं इंद्रधनुषी पट्टे दिसतात. सीमा तपासणी, लष्करी ठाणी, काही देशांत पूल आणि स्थानकंही, तिथे फोटोला बंदी असू शकते. पाटी बघा, शंका आली तर विचारा.

प्रसिद्ध ठिकाणाचा फोटो एकदा काढून टाका, म्हणजे हुरहुर राहत नाही. मग पाठ फिरवा. त्या ठिकाणाकडे बघणारी माणसं, वाहनतळ, परतीच्या बसची रांग, तिथल्या भिंतीवर ऊन खात पडलेलं मांजर. तुम्ही तिथे होतात याची खूण यातच असते. आणि पाट्या विसरू नका. स्थानकाचं नाव, रस्त्याची पाटी, संग्रहालयातलं वस्तूखालचं लेबल. हे फोटो दाखवायचे नसतात. आधीच्या आणि पुढच्या फोटोंना नाव देण्यासाठी असतात.

त्याच संध्याकाळी

खरं काम इथे आहे आणि बहुतेक जण नेमकं इथेच थांबतात. व्हिव्हियन मायर ही शिकागोत मुलं सांभाळणारी बाई. रस्त्यावरच्या जीवनाचे एक लाखाहून जास्त फोटो तिनं काढले. शेकडो रीळं तिनं धुवूनही घेतली नाहीत. भाडं थकल्यामुळे २००७ मध्ये तिच्या गोदामातल्या पेट्या लिलावात गेल्या आणि २००९ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या फोटोंचा बोलबाला व्हायचा होता. फोटो परक्या माणसाच्या हाती पडले म्हणून वाचले. आपल्या फोनचं असं होण्याची शक्यता कमी.

म्हणून दिवस संपायच्या आत बसा. आधी खोडा. सारख्या दिसणाऱ्या सातांतला एक ठेवा, जास्तीत जास्त दोन. मात्र ओळखीसाठी काढलेले रुक्ष फोटो आणि पाट्या खोडू नका. उरलेल्यांना एकेक ओळ लिहा, बहुतेक गॅलरी अ‍ॅपमध्ये वर्णनाची जागा असते. ओळीत फोटोत न दिसणारं लिहायचं. 'सुंदर पक्षी' लिहून काहीच साधत नाही. 'चिमणी, नर, गळ्याशी काळा पट्टा, धुळीत अंघोळ, दुपार, पावसानंतरचा तिसरा कोरडा दिवस' हे लिहिलं तर साधतं. माणसांची पूर्ण नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. 'मामा' लिहिलं तर पुढच्या पिढीला कळणार नाही कोणाचा मामा.

फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमानं ठेवा, जसं २०२५-०३-१४, आणि त्यापुढे जागा. या क्रमानं ठेवलं की संगणक आपोआप कालानुक्रमे लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात.

प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. फोन, हार्ड डिस्क आणि क्लाउड, असं साधारण. फोनशी जोडलेला क्लाउड एकटा पुरेसा नाही. फोनवर खोडलेलं बहुतेक वेळा तिथेही खोडलं जातं. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेला फोटो ही प्रत धरू नका. तो दाबून लहान केलेला असतो आणि तारीख-जागेची माहितीही गळलेली असते. मूळ फोटो पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मात्र त्याबरोबर लोकेशनही जातं, तेव्हा घराचे आणि मुलांचे फोटो अनोळखी माणसाला असे पाठवू नका.

वर्षातून एकदा निवडक फोटो कागदावर छापून घ्या. पन्नास पुरे. मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, फोटो पालथा घालून, कडक पृष्ठभागावर ठेवून आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो आणि काही शाया कालांतरानं पलीकडे उतरतात. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे फोटोसाठीचं खास पेन वापरा आणि पूर्ण वाळेपर्यंत दुसरा फोटो त्यावर ठेवू नका. चिकट पानांचे अल्बम टाळा, काही वर्षांनी फोटो सुटत नाहीत. आधीच तसा अल्बम घरात असेल तर फोटो उपटू नका, आहेत तसे पानासकट फोननं टिपून घ्या. घरातलं वडीलधारं माणूस शेजारी बसवा, एकेका फोटोवर बोट ठेवून कोण, कुठे, कधी विचारा आणि फोनचा रेकॉर्डर चालू राहू द्या. फोटोचा क्रमांक आधी मोठ्यानं म्हणा, नाहीतर नंतर कोणता आवाज कोणत्या फोटोचा हे जुळवताना नाकी नऊ येतात.